कुंभारमाशीचं घर

सहा वर्षांच्या रेवाला घरीच शिकवायचं ठरवल्यापासून जेवणाच्या टेबलावर अभ्यासक्रमांचे नमुने पसरलेत. एक म्हणतो आधी अक्षरं, दुसरा म्हणतो आधी गोष्टी. वाचून वाचून मी वैतागले होते. रेवा मात्र सकाळपासून खिडकीशी. चौकटीच्या कोपऱ्यात एक कुंभारमाशी चिखलाची गोळी आणून थापत होती, पुन्हा उडत होती.

"आई, ती तोंडानेच लिंपते गं!" रेवा कुजबुजली.

तेवढ्यात वन्सं आल्या. "शाळा नाही, सिलॅबस नाही, हिला येतं तरी काय?" असं म्हणत त्यांनी फडक्याने ते घर पुसून टाकलं. "किती घाण साठवतेस गं!" हे वर मलाच.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पोर दिसलं की पाढे म्हणायला लावणारी ही आपली माणसं! ते आपणहून काही बघत असेल, तर आधी ते त्याच्यासमोरून काढून घ्यायचं आणि मग विचारायचं, येतं काय?

माशी तोंडात चिखल घेऊन परतली आणि रिकाम्या कोपऱ्याभोवती घिरट्या घालू लागली. रेवाचे डोळे भरले.

वन्संनी तिला जवळ ओढलं. "रडतेस काय? सांग बघू, माशीला पाय किती?"