घाणेरी मुळासकट

शब्द शिकवून पोट भरणारा आणि शब्दांवर काडीचा विश्वास नसलेला माणूस अख्ख्या जबलपुरात एकच, आमचे इंग्रजीचे सर. नेपियर टाउनमधल्या त्यांच्या घरीच क्लास चाले, आणि हातानं केल्याशिवाय शब्द समजला असं ते मानतच नसत. ‘पोअर आउट’ शिकवायचं म्हणजे सरांच्या बायकोनं, म्हणजे बिचाऱ्या काकूंनी, आठ जणांचा चहा करायचा. ‘ट्रिप ओव्हर’च्या दिवशी मी पायपुसण्यात अडकून खरीच पडले, तर सर खूश होऊन म्हणाले की उदाहरण बरोबर आहे.

‘ग्रब अप’ मात्र त्यांचा लाडका. झुडूप मुळासकट उपटून जमीन मोकळी करणं, हा त्याचा अर्थ. परीक्षेत तो कधीच आला नाही, तरी आम्ही तो तीन हिवाळे शिकलो. कारण कुंडमच्या रस्त्याला सरांचा प्लॉट होता, त्यावर घाणेरीची झुडपं माजली होती आणि काकूंना तिथं अंगणाचं घर हवं होतं. दर रविवारी आम्ही कुदळी घेऊन जायचो, काकू पोळ्यांचा डबा घेऊन यायच्या. कुणी झुडूप नुसतं वरून छाटलं की सर मागे उभेच. "काहून थांबली? मूळ आतच आहे." या काटेकोरपणापायी निम्मा प्लॉट होईस्तोवर पावसाळा लागायचा आणि घाणेरी पुन्हा कमरेएवढी. आमच्यानंतरच्या कितीतरी मुलांनी हेच केलं. काकू म्हणायच्या, "घर राहू द्या, एकदा नुसती मोकळी जमीन तरी दाखवा मला." सरांचं ठरलेलं उत्तर, "करून राहिलो ना."

दोन वर्षांपूर्वी काकू गेल्या. यंदा सरांनी प्लॉट विकायला काढला. घेणारा म्हणाला, "सर जी, जेसीबी बुलवा लेंगे, एक घंटे का काम है." सरांनी त्याच्याकडून महिनाभराची मुदत मागून घेतली आणि आम्हा जुन्या विद्यार्थ्यांना फोन केले. मी बँकेतली, कुणी सदर बाजारातला दुकानदार, कुणी मास्तर. सगळ्यांच्या कमरा चाळिशी ओलांडलेल्या. तरी वीस-पंचवीस जण चार रविवार उजाडल्यापासून अंधार पडेस्तोवर खपलो. जेवण हॉटेलातून मागवलं, आणि ते कुणालाच गेलं नाही.

शेवटचं झुडूप सरांनी स्वतः काढलं, मुळाची माती हातानं झटकली. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच अख्खी जमीन दिसत होती. मला वाटलं होतं त्यापेक्षा ती फारच लहान निघाली. सर कुदळीला टेकले. मग म्हणाले, "झालं सगळं. आता कोणाला दाखवू?"