दुसऱ्या मजल्यावरचं अळू

पडदा वर जातो. कोपरीतली आमची चार मजली इमारत, सकाळचं कोवळं ऊन, आणि दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत खांद्यावर पंचा, हातात झारी घेतलेला गुरुदत्त. एन्ट्रीलाच टाळी पडावी असा रुबाब!

बँकेतून निवृत्त झाल्यावर या गृहस्थाने कुंड्या टाकून दिल्या, गॅलरीच्या फरशीवरच वीतभर माती भरली आणि अळू लावलं. पानं तरी केवढी, हत्तीच्या कानांएवढी! श्रावणात बिल्डिंगभर जुड्या फुकट वाटायचा. पहिली जुडी खालच्या मजल्यावरच्या दर्शनाला.

दर्शनाने आपली गॅलरी हॉलमध्ये घेतलेली. तिच्या सासूबाई, रखमाबाई, दिवसभर तिथेच खुर्ची टाकून बसत. वर्षांमागून वर्षं गेली, तिथल्या छताला ओल आली, चिरा पडल्या. पण इतकं अळू खाल्लेल्या तोंडाने तक्रार कशी करणार? दरवर्षी गणपतीआधी ती चिरांत पुट्टी भरून वर रंग द्यायची. यंदा मात्र रखमाबाई चहा घ्यायला उठल्या आणि त्यांच्या खुर्चीत छताचा तुकडा येऊन आदळला.

गुरुदत्त धावत खाली आला, पांढराफटक. "अगं, बोलली का नाहीस?"

"काका, तुम्हाला वाईट वाटलं असतं. शिवाय वड्याही गेल्या असत्या!"

सोसायटीने बोलावलेल्या प्रशांत इंजिनिअरने हातोडीने छत ठोकून पाहिलं. पोकळ आवाज आला.

"वरचं पाणी झिरपत आतल्या सळ्यांपर्यंत गेलंय. सळई गंजली की फुगते आणि काँक्रीटला आतून ढकलून फोडते. वरून रंग देऊन ते थांबत नाही. सुटलेला भाग काढू, सळ्या घासून गंजरोधक लावू, मग नवा थर भरू. पण आधी पाणी बंद."

"म्हणजे अळू काढायचं?" गुरुदत्तने विचारलं.

"अळू, माती, सगळंच."

रखमाबाई त्या खुर्चीकडे बघत राहिल्या. गुरुदत्तने लुंगी खोचली आणि स्वतःच फावडं हातात घेतलं.

पुढे छत दुरुस्त झालं, वरच्या गॅलरीला वॉटरप्रूफिंग झालं. मग परीक्षा: गॅलरीत पाणी तुंबवून ठेवायचं आणि खाली गळतंय का ते पाहायचं. रखमाबाई काही त्या कोपऱ्यात पाऊल टाकेनात. तेव्हा गुरुदत्त खाली आला, खुर्ची ओढली आणि नेमका त्या जागेखाली मांडी ठोकून बसला.

"काका, उठा, भिजाल ना!" दर्शना ओरडली.

"वर पाणी मी भरलंय. थेंब पडलाच, तर पहिला माझ्या टकलावर पडू दे!"