समुद्राच्या पाण्याची पेटी

हे सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. कोकणच्या खाडीत महिनाभर होडीतून फिरून गोळा केलेल्या पाण्याच्या नमुन्यांची पेटी मी स्वारगेटला रिक्षात विसरलो आणि प्रयोगशाळेत सांगितलं, "रिक्षावाल्यानं पळवली."

दुसऱ्या दिवशी पेटीवरचा पत्ता वाचून तोच रिक्षावाला प्रयोगशाळेच्या दारात आला. माझं ऐकलेल्या रखवालदारानं त्याची गचांडी धरली.

"अहो, हडपसरच्या आयटीवाल्यांचं भाडं सोडून आलोय! मासळी असेल म्हणून पेटी रात्रभर बर्फात ठेवली. उघडली तर नुसत्या पाण्याच्या बाटल्या!"

नमुने अजून गार होते, म्हणजे खराब झाले नव्हते. माझा जीव भांड्यात पडला.

कॉलर सारखी करत तो हसला. "पुढच्या वेळी मासेच विसरा, साहेब. पण मला चोर कोण म्हणालं हो?"

मी बाटल्या पुसत राहिलो. "मीच म्हणालो, माफ करा," एवढंच बोलायचं होतं.