भाचीच्या हातचं तेल

माझ्याकडे मसाजला येणारी प्रत्येक बाई आधी विचारते, "कोणतं तेल चांगलं?" हा प्रश्न ऐकला की मला अजूनही चिडायला होतं. चांगलं तेल असं काही नसतं. नांदेडात माझी दोन खोल्यांची जागा आहे, फक्त बायकांसाठी, आणि तिथे मी कपाटातली बाटली सरळ काढून कोणाला चोपडत नाही. आधी कागदाच्या पट्टीवर थेंब टाकून ती नाकाखाली धरते. पुण्याला कोर्स केला तेव्हा शिकवणाऱ्या मॅडम सांगायच्या, लॅव्हेंडरने मन शांत होतं. इथे एका शिक्षिकेने लॅव्हेंडर हुंगलं आणि म्हणाली, "अगं बाई, लॉजच्या बाथरूमला अस्साच वास असतो!" लवंगेचं तेल जवळ नेलं की निम्म्या बायकांचा हात आपोआप दाढेकडे जातो. गवती चहाचा वास घेऊन एकीने तर विचारलं, आलं नाही का घातलं? चंदन सगळ्यांना आवडेल असं वाटतं, पण ज्या घरातून नुकतंच कोणी गेलेलं असतं तिथल्या बाईला ते सोसत नाही.

म्हणून मी आधी नाकाला विचारते, मग कातडीला. कोपराच्या आत थेंबभर लावून थांबायचं. ही अर्काची तेलं नुसती कधीच लावायची नाहीत, तिळाच्या नाहीतर करडईच्या तेलात चार-दोन थेंबच मिसळायचे. ही सगळी अक्कल मला आहे. ज्या एका माणसासाठी ती खरोखर वापरायची होती, तिथे मात्र ती शेळीच्या शेपटासारखी निघाली, ना लाज झाकायला ना माश्या हाकायला.

तो माणूस म्हणजे माझे मामा. औशाजवळच्या एका खेड्यात त्यांची शेती आहे. वडील गेल्यावर आई मला घेऊन भावाच्या घरी आली, आणि मी तिथेच वाढले. आता आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. मराठवाड्यात मामा भाचीच्या पाया पडतो. भाची पाळण्यात असली तरी पडतो. उलट भाचीने मामाच्या पायाला हात लावला तर पाप, आणि ते लागतं मामाला. मी पुण्याला निघाले की लातूरच्या बसस्टँडवर मामा टोपी काढून काखेत धरायचे आणि भर गर्दीत माझ्यापुढे वाकायचे. आमच्या लोकांना त्यात काही वाटत नाही. माझी पुण्याची मैत्रीण एकदा सोबत होती, ती घाबरून खाली बघायला लागली. "काही पडलं का त्यांचं?" म्हणाली.

मामांना साखरेचा आजार जडला आणि मग तळपाय जळायला लागले. "तव्यावर उभा हाय जणू, माय," ते म्हणायचे. लातूरच्या डॉक्टरांच्या गोळ्या चालू होत्या. रात्री मात्र ते पलंगावरून उठून ओल्या फरशीवर पाय टेकून बसायचे. मामींकडून हे कळलं तशी मी गावी गेले आणि वाटीत तेल घेऊन त्यांच्या पायांशी जाऊन बसले. मामांनी पाय असे वर ओढले जणू खाली साप निघालाय.

"अगं, काय करायलीस! मला नरकात धाडतीस का?"

"बाई, तू ऊठ आधी," मामी म्हणाल्या.

मी म्हटलं, "मामा, दिवसभर मी परक्या बायकांचे पाय चोळते. मग तुमचे का नको?"

"त्यांचे चोळ की. त्यांची काय तू भाची हाईस?"

मी वाटी उचलली आणि ठरवलं, हात नाही तर नाही, निदान तेल तरी माझं असू दे. मामी लावतील.

पहिली बाटली पुदिन्याची होती. करडईच्या तेलात मोजून मिसळली, कारण आगीला थंडावा हवा. फोनवर मामा म्हणाले, "लई गुण हाय तेलाला." मामींनी फोन घेतला आणि हळूच सांगितलं, झोप न्हाई. मी समजले, तेल चुकलं. मग निलगिरी मिसळून पाहिली, मग लॅव्हेंडर. प्रत्येक वेळी मामांना गुण होता आणि मामींच्या मते झोप नव्हती. गिऱ्हाईक नाही म्हणालं तर मला राग येत नाही, पण हे तर हो म्हणत होते आणि तरी जळत होते. शेवटी मी नांदेडातल्या एका जुन्या अत्तराच्या दुकानात गेले. दुकानदार चाचा मला ओळखतात. त्यांनी रोशा गवताचं तेल काढलं, कागदावर थेंब टाकला आणि आम्ही दोघं तो उडून जायची वाट बघत बसलो. भेसळ असली की तेलकट डाग मागे राहतो. कागद कोरा झाला. "घ्या बेटी, बेफिकीर घ्या," चाचा म्हणाले. त्या वासात गुलाबही होता आणि उन्हातलं गवतही. मला वाटलं, सापडलं. शेतकऱ्याच्या नाकाला हेच ओळखीचं वाटेल.

ते मिसळून मी स्वतः गावाला घेऊन गेले. मामा दारात आले, टोपी काढली, नेहमीसारखे वाकले, आणि त्यांच्या केसांतून पुदिन्याचा असा भपका आला की मी मागेच सरकले. वर उठले तेव्हा डोळे लालभडक.

"मामा, हे डोक्याला काय लावलंय?"

उत्तर मामींनी दिलं. "तुझंच तेल की. रोज लावतेत, डोळ्याला पाणी येतं तरी लावतेत."

"अहो, ते पायाला होतं!"

मामींनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू शिकून माझं डोकं फिरलंय. "भाचीच्या हातचं तेल पायाला लावतेत व्हय?"

मला आधी हसू आलं, मग तळपायाची आग मस्तकात गेली. इतके महिने मी वास बदलत होते, प्रमाण बदलत होते, आणि त्या पायांना एक थेंबही लागला नव्हता. मी ओरडले. माझं नको तर दुकानातून आणा, पण पायाला काहीतरी लावा! मामा मान डोलावत राहिले. "तुझं सोडून दुकानाचं लावू? तुला वाईट न्हाई का वाटणार?" या माणसाशी भांडायचं तरी कसं? रोशाचं तेलही त्यांनी हुंगलं, वा म्हणाले, आणि माझ्यादेखत टाळूवर चोळलं. मी संध्याकाळच्याच गाडीने निघून आले.

आज वाटतं, तेव्हा ते पाय जळत होते, म्हणजे त्या पायांना स्पर्श कळत होता. तेव्हा कोणीतरी, मी नाही तर मामींनी, पण कोणीतरी ते पाय हातात घ्यायला हवे होते. मला फार वाईट वाटतं त्याचं. रीतीवर राग काढावा तर त्याच रीतीने मला बापाविना वाढताना देवासारखं जपलं होतं.

काही महिन्यांनी मामांचाच फोन आला, आवाज एकदम मोकळा. "माय, आग पार गेली बग. तुझ्या तेलानंच गेली." आग आपोआप जाते तेव्हा काय गेलेलं असतं, हे मला शिकवलेलं होतं. तरी मी "बरं झालं" म्हणून फोन ठेवला. त्यानंतर थोड्याच दिवसांत मामींना घरभर रक्ताची पावलं दिसली. बाभळीचा काटा टाचेत घेऊन मामा सकाळपासून शेतात फिरत होते. लातूरला नेलं. जखम भरेल, पण तळव्यांना आता स्पर्श कळत नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं.

जखम भरल्यावर, डॉक्टरांना विचारूनच, मी गावी गेले. मी काही म्हणायच्या आत मामाच बोलले.

"आता लावायचं तर लाव, माय. पायाला कळतच न्हाई म्हणत्यात. जिथं कळत न्हाई तिथं पाप कसलं?"

मामी उठून आत गेल्या. तेल निवडायचं असं आता काही उरलं नव्हतं. पुदिना नको, आलं नको, तिखट काहीच नको, कारण कातडी पोळली तरी मामांना समजणार नाही. करडईचं तेल कोमट केलं, माझ्या मनगटावर दोनदा पाहिलं, आणि रोशाचा एक थेंब टाकला, फक्त त्यांच्या नाकासाठी.

भाचीला पायाशी बसलेलं बघवेना म्हणून मामांनी डोळे गच्च मिटले, हात जोडले. त्यांच्या टाचा मी आयुष्यात पहिल्यांदा हातात घेत होते. भेगा, घट्टे, करंगळीजवळचा जुना वण. मी बोटं एकेक करून चोळली, तळवा अंगठ्याने दाबत गेले.

"वास लई बेस हाय," मामा म्हणाले. डोळे मिटलेलेच होते.

"लाव की मंग, माय. कशाची वाट बघायलीस?"

एक पाय चोळून झाला होता आणि दुसरा माझ्या मांडीवर होता.