मास्तरांच्या कॅमेऱ्यावरची चिकटपट्टी

आमच्या जोगेश्वरीच्या चाळीतल्या समितीचा एक नियम होता आणि तो मीच करून घेतला होता. सभेसाठी कुणाच्या घरून सतरंजी, गॅसबत्ती, पिंप, काहीही आणलं की त्यावर दवाखान्यातल्या चिकटपट्टीचा तुकडा लावायचा आणि शाईने मालकाच्या खोलीचा नंबर लिहायचा. लोकांची वस्तू लोकांकडे परत गेलीच पाहिजे. माझे वडील छापखान्यात खिळे जुळवायचे आणि युनियनची वाया गेलेली पत्रकं घरी आणायचे. त्यांच्यावरच मी वाचायला शिकले. नियम सगळ्यांना सारखा, हे माझ्या डोक्यात तिथूनच पक्कं बसलेलं. म्हणून जी पट्टी सतरंजीला, तीच कॅमेऱ्याला.

कॅमेरा कोपऱ्याच्या खोलीतल्या ड्रॉइंग मास्तरांचा. नळाला पाणी येत नाही ही आमची तक्रार अतिशयोक्तीची आहे, असं मुनसिपालटीने कळवलं, तेव्हा रिकाम्या हंड्यांच्या रांगेचा फोटोच पाठवायचं आम्ही ठरवलं. मास्तर कुणाला कॅमेऱ्याला हात लावू देत नसत. मी गेले तेव्हा म्हणाले, "समितीला दिलेली वस्तू आणि समुद्रात टाकलेला खडा, फरक काय गं?"

"जसा नेते तसा आणून देते," मी म्हणाले. "शब्द देते."

शेवटी त्यांनी कॅमेरा दिला. चाळीत कुणी समितीला पुन्हा काही देईल की नाही, ते आता त्या कॅमेऱ्यावर ठरणार होतं.

फोटो निघाले, फिल्म अंधेरीच्या स्टुडिओत धुवायला गेली. स्टुडिओवाल्याने आठवडा लावला. फोटो नीट आले नाहीत तर पुन्हा काढावे लागले असते, म्हणून तोवर कॅमेरा आमच्या पत्र्याच्या खोलीत, मे महिन्यात. परत द्यायच्या दिवशी पट्टी ओढली तर कापड हातात आलं आणि डिंक कॅमेऱ्यावर राहिला. बोट लावलं की बोट चिकटायचं. मी चिंधीवर रॉकेल घेऊन घासलं. डिंक निघाला नाही, पसरला मात्र, आणि त्यावर धूळ बसून राखाडी पट्टा तयार झाला.

समितीचा चिटणीस म्हणाला, "असाच देऊन टाक ना. चष्म्याशिवाय मास्तरांना दिसतंय कुठे?"

"मग तूच नेऊन दे," मी म्हणाले.

मी कॅमेरा पदराखाली घेऊन स्टेशनजवळच्या दवाखान्यात कंपाउंडरकाकांकडे गेले. हे मालवणकडचे. गिरणीतल्या माणसाच्या केसाळ हातावरची पट्टी ते अशी काढायचे, की माणूस बोलता बोलता थांबायचासुद्धा नाही. दुपारची वेळ होती, बाकांवर कुणी नव्हतं. त्यांनी कॅमेरा हातात घेतला, वास घेतला.

"रॉकेल लावलंस गो?"

"हो."

"आणि आता स्पिरिट मागायला आलीस."

मी खरोखर तेच मागायला गेले होते. त्यांनी वाद घातला नाही. आत फिल्म नाही ना, हे विचारून घेतलं, भिंगावर स्वच्छ फडकं बांधलं आणि कॅमेरा उलटा केला. बुडाला कोपऱ्यात, कुणाला दिसणार नाही अशा जागी, कापसाच्या बोळ्याने स्पिरिटचा नखाएवढा ठिपका टेकवला. बोळा काळा झाला.

"हा मळ नव्हे, रंग," ते म्हणाले. "वर लावलं असतंस तर मास्तरांना नवा कॅमेरा दिसला असता. पांढरा."

मग त्यांनी नवीन चिकटपट्टीचा तुकडा कापला आणि चिकट बाजू बाहेर ठेवून बोटाला गुंडाळला. मला वाटलं, चेष्टा करतायत. त्या बोटाने ते राखाडी डिंकावर टिपत गेले. टेकवायचं, उचलायचं. घासायचं नाही. जुना डिंक नव्या डिंकाला धरून उठत होता. पट्टी मळली की दुसरी. मागच्या झाकणाच्या फटीजवळ ते आतून बाहेरच्या दिशेनेच टिपत होते. का, ते विचारल्यावर म्हणाले, "जखमेतली घाण जखमेत ढकलतात काय?" शेवटी उरलं ते खोबरेल तेलाने. तेल कॅमेऱ्यावर नाही, फडक्यावर, तेही एक थेंब. आणि फटीच्या कडेला काडीला कापूस गुंडाळून. मग कोरडं फडकं, पुन्हा कोरडं फडकं. तासभर लागला असेल. मी आयुष्यात बरीच भाषणं ऐकली होती, काही स्वतः ठोकली होती. दुसऱ्याच्या वस्तूबद्दल इतका आदर मी त्यांतल्या एकातही ऐकला नव्हता.

डिंक गेला. पण पट्टीची जागा लखलखीत काळी झाली आणि बाकी कॅमेरा वर्षानुवर्षांच्या हातांनी मळलेला. पट्टीची खूण पूर्वीपेक्षा जास्त दिसत होती.

"काका, सगळाच पुसून टाका ना. मग कळणार नाही."

"नाही गो. चिकट तुझं होतं, ते काढलं. मळ त्यांचा. तो त्यांना विचारून काढायचा."

मला राग आला आणि लाजही वाटली, कारण हे मी म्हणायला हवं होतं.

मास्तरांना मी दारातच सगळं सांगितलं. पट्टी, रॉकेल, आणि बुडाला गेलेला रंगाचा ठिपकासुद्धा. त्यांनी चष्मा लावला, कॅमेरा खिडकीशी नेला, स्वच्छ पट्ट्यावरून अंगठा फिरवला.

"जसा नेलास तसा नाही आणलास."

"नाही."

"आणि ही पट्टी लावायची अक्कल कुणाची?"

"माझी."

"वाटलंच. दुसऱ्या कुणाला एवढी शिस्त नाही." ते पुन्हा त्या काळ्या पट्ट्याकडे बघत राहिले. "कंपाउंडर उरलेलं करून देईल का?"

"विचारते."

"विचारते काय? घेऊन जा ना." त्यांनी कॅमेरा माझ्या हातात दिला. या वेळी समुद्रातल्या खड्याची गोष्ट निघाली नाही. मीही शब्द दिला नाही. दवाखाना बंद व्हायच्या आत पोहोचायचं होतं.