खाडीपलीकडची फायनल

मगदूम सरांचं नाव आधी लिहितो. ते नसते तर हा प्रवास सोडाच, चार ओळी लिहिणंही माझ्या वाट्याला आलं नसतं. गडहिंग्लजच्या शाळेत ते खेळाचे शिक्षक होते. आमच्या घरात माझ्याआधी कोणी दहावीच्या पुढे गेलं नव्हतं. गावाहून रोजचं येणं-जाणं मला जमेना, तेव्हा सरांनी मला आपल्या घराच्या पुढच्या खोलीत ठेवून घेतलं. पदवी हातात पडेपर्यंत मी तिथेच राहिलो. आज त्याच शाळेत मराठी शिकवतो.

सर निवृत्त झाले, तरी सकाळी मैदानावर पोरांना फुटबॉल शिकवणं त्यांनी सोडलं नाही. यंदा मात्र गुडघ्यांनी पार दगा दिला आणि मैदान कोणाच्या हाती द्यायचं हा प्रश्न उभा राहिला. त्या मैदानावर इतकी वर्षं फक्कीच्या रेषा मारणारा, बॉलमध्ये हवा भरणारा, परीक्षेच्या काळात पोरांच्या आयांची समजूत काढणारा मी आहे. सर माझं नाव घेतील असं मी धरूनच चाललो होतो. सरांनी किरणचं घेतलं.

किरण माझ्याच वर्गातला आणि सरांचा सगळ्यात लाडका खेळाडू. आता तो अंधेरीत एका कुरिअरच्या ऑफिसात कामाला आहे आणि सुट्टीच्या दिवशी मानधन घेऊन कोणत्याही संघाकडून खेळतो. गावी तो दिवाळीला येतो, तेही जमलं तर.

"मे महिन्यात बहिणीकडं घाटकोपरला चाललायस न्हवं?" सर म्हणाले. "मग त्याची मॅच बघून ये. होता तसा हाय का मुंबईनं बिघडवलाय, ते मला लिहून पाठव. फोन नको. फोनवर तू गोड बोलतोस. समोर येऊन सांगशील तर माझं तोंड बघून सांगशील. पत्र तुझ्या आधी पोचलं पाहिजे."

अशा रीतीने, ज्याचं नाव ऐकून माझं जेवण गोड लागेना, त्याचाच खेळ बघायला मी निघालो.

बसने पहाटे बोरिवलीला हायवेवर उतरवलं. पुलाखाली चहाच्या टपरीशी तोंड धुतलं. किरणने फोनवर सांगितलं होतं, "रिक्षानं मार्व्याला ये, तिथनं होडी. मी खेळायच्या गडबडीत असेन, पण पास्कू अंकलचं घर विचार, कोणबी सांगेल." 'मास्तरचं घर विचार, कोणीही सांगेल' असं गडहिंग्लजमध्ये माझ्याबद्दल कोणी अजून म्हणत नाही, तिथे माझं स्वतःचं घर असून. हे रिक्षात बसल्या बसल्या मनात आलं आणि तिथून पुढे प्रत्येक वळणावर असंच काहीतरी येत राहिलं.

मार्व्याची होडी म्हणजे लाकडी बोट. तिच्यात माणसं, मोटारसायकली, बर्फाच्या पेट्या आणि एक फ्रिज, सगळं एकाच वेळी चढतं. खाडी ओलांडायला फार वेळ लागत नाही. मागे वळून पाहिलं तर उंच इमारतींची रांग दिसते आणि पुढे नुसती खारफुटी (खाऱ्या चिखलात वाढणारी झुडपं). इतक्या जवळ मुंबई असून पलीकडचा काठ मुंबईकडे पाठ करून बसल्यासारखा आहे. ओहोटी होती. मनोरीच्या जेटीवर उतरताना माझा पाय शेवाळावर गेला आणि मी कमरेपर्यंत चिखलात बसलो. शेजारच्या कोळणीने मला दंडाला धरून वर ओढलं. "पाहुन्या, पानी बघून पाय टाकावा," ती म्हणाली आणि आपली टोपली घेऊन चालू लागली.

तिथून टमटमने पुढे गेलो. ज्या गावठाणात पोचलो त्याचं नाव इथे लिहीत नाही, कारण पुढे जे सांगायचं आहे ते घडलं त्याच गावात मी पोटभर जेवलो आहे. नाक्यानाक्यावर पांढरे क्रूस आणि त्यांना झेंडूच्या माळा. बांबूंच्या आडव्या दांड्यांवर वाळत घातलेले बोंबील. घरांना कौलं, ओटे, आणि ओट्यावर मराठी वर्तमानपत्र वाचणारे ख्रिस्ती म्हातारे. आपल्याकडे लोकांना हे सांगितलं तर खरं वाटत नाही, पण ही मंडळी पिढ्यान्‌पिढ्या इथेच शेती, मासेमारी करत आली आहेत आणि घरात मराठीच बोलतात.

पास्कू अंकल गावच्या संघाचे प्रमुख. त्यांच्या पत्नी फिलोमिना आंटींनी माझी चिखलाने माखलेली पँट बघितली आणि काही न विचारता अंकलची मोठमोठ्या फुलांची हाफपँट हातात दिली. "लाजू नको. हितं सगळे अशेच फिरतात."

जेवायला कोंबडीचा लालभडक रस्सा होता. त्यात बाटली मसाला (उन्हाळ्यात कुटून बिअरच्या रिकाम्या बाटल्यांत ठासून भरतात, म्हणून हे नाव) आणि सोबत फुगे (आंबवलेल्या पिठाचे तळलेले, आतून पोकळ गोळे). इतकं चविष्ट मी फार दिवसांत खाल्लं नव्हतं. किरण माझ्या शेजारी बसला होता. आंटींनी तंगडी त्याच्या ताटात घातली, मग दुसरी तंगडीही त्याच्याच ताटात घातली.

"आंटी, याला द्या की. हा आमच्यातला हुशार हाय, मास्तर हाय," किरण म्हणाला.

"मास्तरला धावायचं हाय का? खा तू गप."

मी मानेचा तुकडा चोखत बसलो. किरण मला काही वाईट वागवत नव्हता, हीच तर अडचण होती. त्याने माझी बॅग उचलली होती, सर कसे आहेत हे दोनदा विचारलं होतं. गल्लीतून जाणारी लहान पोरं त्याला हाक मारत होती, म्हाताऱ्या त्याच्या पाठीवरून हात फिरवत होत्या. माणसांना आपलंसं करायला मला वर्षं लागतात. त्याला नुसतं दारात उभं राहावं लागतं.

फायनल उन्हं उतरल्यावर सुरू झाली. मैदान भातशेतीच्या कडेला होतं. गोलच्या जाळ्या मासेमारीच्या जुन्या जाळ्यांतून कापलेल्या. चारी बाजूंनी नायलॉनची दोरी, दोरीमागे प्लॅस्टिकच्या खुर्च्या आणि खुर्च्यांमागे उरलेलं सगळं गाव. समोर भांडुपचा संघ. प्रत्येक संघाला दोन बाहेरचे खेळाडू घेता येत होते. गावाने बचाव सांभाळायला किरणला घेतलं होतं.

"मंडळी, दोरीच्या आत येऊ नका," स्पीकरवरचा माणूस सारखा सांगत होता. "काल एक काका आत आले आनि बॉल त्यांनाच लागला. गोल त्यांच्या नावावर लिहिता येत नाय."

पहिल्या अर्ध्यात गावाने गोल केला. पुढे भांडुपवाले लाटेसारखे येत राहिले आणि किरण त्यांना परतवत राहिला. खेळातलं मला फार कळत नाही असं सर म्हणतात, पण एवढं कळलं की बॉल जिथे येणार तिथे तो आधीच उभा असतो. बिघडलेलं काहीच दिसेना. मी शोधत होतो, म्हणून सांगतो.

शेवटची काही मिनिटं उरली असताना भांडुपला कॉर्नर मिळाला. बॉल गोलपुढच्या गर्दीत पडला, पायांत दोनतीनदा आपटला आणि कोणीतरी तो बाहेर मारला. गाव ओरडलं. रेफरी पुढे पळाला. भांडुपच्या एकानेही दाद मागितली नाही. आणि त्या गर्दीतून किरणचा उजवा हात वर आला.

आमच्या मैदानावरची ही रीत बाहेरच्यांना सांगावी लागते. मगदूम सर शिट्टी गळ्यात घालतात, पण चूक झाली म्हणून वाजवत नाहीत. ज्याने पाय मारला, ज्याच्या हाताला बॉल लागला, त्याने स्वतः हात वर करायचा. मग सर म्हणतात, "झालं, चला पुढं." आमच्याकडे सात-आठ वर्षांची पोरंसुद्धा हसत हसत हात वर करतात. ती रीत फायनलमध्ये, दुसऱ्याच्या गावात, दुसऱ्याच्या मानधनावर कोणी पाळेल हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

रेफरी थांबला. त्याने काहीतरी विचारलं. किरणने आपल्या मनगटाकडे बोट दाखवलं. रेफरीने पेनल्टी दिली आणि भांडुपने ती सहज जाळ्यात घातली.

बरोबरी झाली. मग दोरी खाली पडली. लोक आधी रेफरीच्या मागे धावले. तो धावण्यात त्यांना भारी होता. तेवढ्यात कोणीतरी ओरडलं, "त्याला कशाला मारता? आपल्याच मान्सानं हात वर केला. मॅच इकली यानं." सगळी झुंड वळली. भांडुपची पोरं आपल्या टेम्पोकडे पळाली. गावचे खेळाडू बाजूला झाले. किरण मधोमध एकटाच राहिला. पहिला गुद्दा खाल्ल्यावर त्याने हात तोंडापुढे घेतले. मग खुर्ची आली, कोपऱ्यातल्या झेंड्याची काठी आली, आणि तो खाली गेल्यावर लाथा.

मी धावलो. फुलांच्या हाफपँटमध्ये धावत होतो आणि धावता धावताही मनात मारणाऱ्यांचा राग नव्हता, किरणचा हेवा होता. इतकी वर्षं त्या मैदानाच्या कडेला मी उभा, आणि सरांची शिकवण गेली कोणाच्या हातात, तर याच्या. मला एकदाही तसा हात वर करायची वेळ आली नाही. आली असती तर तो वर गेला असता का, हे मला माहीत नाही. त्याला आता माहीत झालं होतं.

"तू कोन रे?" एकाने माझी कॉलर धरली.

"त्याच्या गावचा."

त्याबद्दल मला एक सणसणीत कानाखाली मिळाली.

फिलोमिना आंटी कुठून आल्या ते दिसलं नाही. त्यांनी पदर खोचला होता. त्या सरळ घोळक्यात शिरल्या आणि किरणच्या अंगावरून एक पाय पलीकडे टाकून उभ्या राहिल्या. "मार, मला मार. ए बाबूश, काठी खाली टाक. काल माझ्या हातचं जेवलास आनि आज लाथ मारतो? ए टोनी, तुझ्या आईला बोलवू काय? ती बघ तिकडं उभी हाय." नावं घेतली तशी माणसं एकेक करून मागे सरली. बिननावाचं गर्दीत मारता येतं, आंटी सगळ्यांना नावाने ओळखत होत्या.

घरी आंटींनी बर्फ फडक्यात बांधून किरणच्या डोळ्यावर धरला. ओठ फाटला होता, बरगडीला हात लावू देत नव्हता. डॉक्टर येऊन हाड शाबूत आहे म्हणून सांगून गेले. माझा कान अजून गरम होता, पण त्याकडे कोणाचं लक्ष गेलं नाही.

पास्कू अंकल ओट्यावर बसले होते, आत यायला तयार नव्हते. "खरं बोलायचं होतं तर कोर्टात बोल ना," ते तिथूनच म्हणाले. "फायनलला कशाला? मारामारी झाली म्हनून आमचा कप भांडुपला दिला."

"अंकल, विचार केला असता तर हात खालीच राहिला असता," किरण म्हणाला. ओठामुळे त्याला नीट बोलता येत नव्हतं. "आपोआप गेला. आमच्या सरांनी वाट लावली माझी." मग माझ्याकडे वळून, "सरांना मार खाल्ल्याचं सांगू नको गा. झोपायचे न्हाईत ते."

तेवढ्यात माझा फोन वाजला. गडहिंग्लजच्या आमच्या जुन्या खेळाडूंच्या ग्रुपवर कोणीतरी फिरत फिरत आलेला मैदानातला व्हिडिओ टाकला होता. त्यात नुसती मारहाण होती, हात वर केलेला नव्हता. खाली लिहिलं होतं, 'किरणनं मुंबईत मॅच विकली. लोकांनी बडवला.' त्याखाली अंगठे, शिव्या, आणि एकाने लिहिलेलं, 'सरांच्या मैदानावर असली माणसं नकोत.'

मी फोन खिशात ठेवला. आमच्या गावचा तिथे दुसरा कोणी नव्हता. मी गप्प राहिलो असतो तर मला खोटंही बोलावं लागलं नसतं. बाकीचं काम व्हिडिओने केलं असतं आणि मैदान आपोआप माझ्याकडे आलं असतं.

"तू नशीबवान हायस बघ," किरण मध्येच म्हणाला. "सर फोनवर माझं काय इचारतच न्हाईत. तुझंच सांगत असतात. ह्यानं हे केलं, ह्यानं ते केलं. फोन ठेवावासा वाटतो मला."

हे खरं असावं असं मला फार वाटलं. म्हणूनच त्यावर लगेच विश्वास ठेवता आला नाही.

सकाळी किरण झोपेत असतानाच पहिल्या होडीने परत निघालो. माझी पँट आंटींनी धुऊन, इस्त्री करून दिली होती. पास्कू अंकल जेटीपर्यंत सोडायला आले. होडी सुटताना म्हणाले, "त्याला तूच बोल, पुढच्या वर्षी पन ये. पोरांना मी बघतो." खाडीवर ऊन आलं होतं आणि समोरच्या इमारती जवळ येत होत्या. परक्या गावात जाऊन माणूस काय काय बघून येतो म्हणतात. मी आमचंच मैदान बघून आलो, आणि ते माझ्यापेक्षा दुसऱ्याच्या अंगात जास्त मुरलेलं दिसलं. हेवा खाडीत टाकून देता आला असता तर बरं झालं असतं. तो माझ्याबरोबर घाटकोपरपर्यंत आला. तिथे बहिणीच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर मी हे पत्र लिहिलं आणि त्याच दिवशी टपालात टाकलं.

'आदरणीय सर, सा. न.

किरणची मॅच बघितली. व्हिडिओबद्दल तुमच्या कानावर आलं असेल. त्याने मॅच विकलेली नाही. बॉल त्याच्या मनगटाला लागला, रेफरीने बघितला नाही, कोणी मागितलंही नाही, आणि त्याने आपण होऊन हात वर केला. त्यासाठी त्याच्याच बाजूच्या लोकांनी त्याला मारलं. हाड मोडलेलं नाही. तुम्हाला सांगू नको असं तो म्हणाला होता, पण हे सांगितल्याशिवाय बाकीचं खरं वाटणार नाही. मी समोर होतो. ग्रुपवरही माझ्या नावाने एवढंच लिहिलं आहे.

तुम्ही विचारलं होतं तो बिघडलाय का. नाही. मैदान त्यालाच द्या.

हे लिहिताना मला आनंद होत नाही. मला ते हवं होतं, हे तुम्ही ओळखलं असेल, म्हणूनच पत्र लिहायला सांगितलं असेल. तुम्ही त्याला फोनवर माझं कौतुक सांगता असं तो म्हणाला. मला कधी सांगितलं नाहीत.

त्याला बोलवायचं तेवढं तुम्ही करा, सर. मी त्याला फोन लावला होता. तब्येत विचारली, पण "गावी ये" हे तोंडातून निघालं नाही.

तुमचा,
महादेव'