आत्तीचा बा आणि जर्मन रणगाडा

कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझं लेथचं छोटं वर्कशॉप आहे. दिवसभर पंपांचे आणि ऑइल इंजिनांचे सुटे भाग करायचे आणि संध्याकाळी कामगार गेले की शटर अर्धं ओढून रणगाडा करत बसायचं, असं माझं साडेतीन वर्षं चाललं होतं. रणगाडा दुसऱ्या महायुद्धातला, जर्मनांचा, खऱ्याच्या सोळाव्या हिश्श्याचा आणि रिमोटवर चालणारा. शेजारचे वर्कशॉपवाले विचारायचे, "आपला सोडून जर्मनाचा कशाला ओ?" यंत्र म्हणून आवडला, एवढंच खरं होतं.

कुठलातरी रणगाडा मला करायचा नव्हता. एका जुन्या फोटोतला एकच ठरावीक करायचा होता. इटलीतल्या कुठल्याशा रस्त्याच्या कडेला तो सोडून दिलेला होता. एक पट्टा तुटून मागं लांब पडलेला, डावा दिवा गायब, बाजूचा एक पत्रा वाकलेला. तो कुठल्या तुकडीचा, कुठल्या महिन्यात तिथं पोचला, रंग कोणता होता, हे शोधता शोधता इंग्लंडमधल्या एका निवृत्त गृहस्थांशी माझी ओळख झाली. त्यांच्याकडं युद्धातल्या नोंदींच्या प्रती होत्या. मी मोडक्यातोडक्या इंग्रजीत विचारायचो आणि ते पानंच्या पानं पाठवायचे. मूळ आराखड्यांवरून मापं काढून मी पितळी पत्रा कापला, जोडला. चुंबकाचे सुरुंग चिकटू नयेत म्हणून जर्मन लोक रणगाड्याला बाहेरून एक लेप देत. त्यावर आडव्या रेघा असत. मोटारीच्या पत्र्याला भरतात ती लांबी, म्हणजे पुटी, लावून, एका जुन्या फणीचे दात कापून त्या रेघा मी ओढल्या. तीनदा खरवडून काढल्या, चौथ्यांदा जमल्या.

फोटोतला पट्टा तुटलेला असला तरी माझा रणगाडा मला चालवायचा होता, पण पट्ट्याच्या कड्या मला जमेनात. एका बाजूला नव्याण्णव, दोन्ही मिळून एकशे अठ्ठ्याण्णव, आणि प्रत्येक कडी बोटाच्या पेरापेक्षा लहान. शेवटी हुपरीला चांदीच्या एका कारागिराकडं गेलो. त्यानं नमुन्याची कडी हातावर खालीवर केली.

"पैंजणच हाय की ह्यो पावणं. कुणाच्या पायात घालायचा?"

"रणगाड्याच्या."

तो मोठ्यानं हसला, पण त्यानं कड्या पितळेत अशा ओतून दिल्या, की पहिल्याच दिवशी पट्टा सुळसुळ फिरला. त्या दिवशी मी एकटाच वर्कशॉपमध्ये लहान मुलासारखा आनंदलो होतो.

आता आत्तीबद्दल सांगायला हवं. माझ्या आजोबांचे थोरले भाऊ त्या महायुद्धात इटलीला गेले आणि परत आले नाहीत. ते गेले तेव्हा त्यांची बायको गरोदर होती. तिला मुलगी झाली. ती माझ्या वडिलांबरोबर आमच्याच घरात वाढली आणि पुढं गारगोटीच्या पलीकडच्या एका गावात दिली. आम्ही तिला आत्ती म्हणायचो. तिच्या बाला जर्मनाच्या रणगाड्यानं मारलं, तो एकटा त्याच्यासमोर उभा राहिला, अशी गोष्ट घरात होती. ती मी लहानपणापासून ऐकलेली. गावात झेंडावंदनाला दरवर्षी आत्तीला पुढं खुर्ची देत, तीही याच गोष्टीमुळं.

आणि तरी, साडेतीन वर्षांत माझ्या हातातला रणगाडा आणि ती गोष्ट माझ्या डोक्यात एकदाही शेजारी आली नाही. हे आता कुणाला खरं वाटणार नाही. मला स्वतःलाही वाटत नाही.

आत्ती मोतीबिंदूच्या ऑपरेशनला कोल्हापुरात आली आणि आठ दिवस आमच्याकडं राहिली. डोळ्यावरची पट्टी निघाली त्या दुपारी ती सगळ्या घरभर फिरून वस्तू बघत होती. भिंतीचा रंग, माझ्या बायकोच्या साडीचे काठ, सगळं नव्यानं दिसत होतं तिला. फिरत फिरत ती माझ्या टेबलापाशी आली. रणगाडा मी रंगवायला घरी आणला होता.

"हे काय रं?"

"रणगाडा हाय आत्ती. खेळातला."

"कुणाचा?"

तेव्हा कुठं मला ती गोष्ट आठवली. "जर्मनाचा," मी म्हणालो.

ती वाकली. नवा डोळा अगदी जवळ नेऊन तिनं तोफेची नळी बघितली, चाकं बघितली. "असल्यानंच मारलं व्हय माझ्या बाला?"

"असले लई होते गं आत्ती. हजारो."

"पर असलंच की."

"व्हय."

मला वाटलं, आता ती रागावेल, निदान रडेल. तिनं पदराच्या टोकानं वरची धूळ पुसली आणि म्हणाली, "लई बारीक काम केलंयस लेकरा." त्या कौतुकानं मला जितकी लाज वाटली, तितकी शिवी दिली असती तरी वाटली नसती. त्या यंत्राचा बोल्ट न् बोल्ट मला पाठ होता. थोरल्या आजोबांचं नाव सोडलं तर त्यांच्याबद्दल मला काहीच माहीत नव्हतं.

जाताना गाडीत बसल्यावर तिनं काच खाली करायला लावली. "तुला ह्या लोखंडाचं एवढं गावतंय, तर माझ्या बाचं पण कायतरी बघ की."

थोरले आजोबा गेल्याचं कळवणारा जुना लष्करी कागद तिच्याकडं होता, त्याचा फोटो तिच्या मुलानं मला मोबाइलवर पाठवला. घडीवर फाटलेला, पण शिपायाचा नंबर आणि पलटण वाचता येत होती. मी तो तसाच इंग्लंडच्या गृहस्थांना पाठवला. या वेळी उत्तराला दोन महिने लागले. त्यांनी मृतांच्या याद्यांची पानं पाठवली होती. लढाईत ठार झालेल्यांची यादी वेगळी होती. थोरल्या आजोबांचं नाव त्या यादीत नव्हतं. ते दुसऱ्या यादीत होतं. कावीळ. लष्करी दवाखान्यात दाखल केल्यावर अकराव्या दिवशी मृत्यू. तिथंच दहन. इटलीतल्या एका स्मारकाच्या भिंतीवर नाव कोरलेलं आहे, त्याचाही फोटो होता. त्यात आमचं आडनाव चुकलेलं होतं.

बायकोला मी सगळं दाखवलं. ती म्हणाली, "ऐंशी वर्षं त्यांनी ती गोष्ट जपली. आता ह्या वयात काढून घेऊ नका." मलाही ते पटलं. काही सापडलं नाही म्हणून सांगायचं, असं ठरवूनच मी गावाला गेलो. रणगाडा बरोबर नेला, कारण आत्तीनं फोनवर तो आणायला सांगितलं होतं. तिला तो चालताना बघायचा होता.

तिच्या अंगणात मी तो चालवला. सारवलेल्या जमिनीवर तो घरघरत गेला, तोफ फिरली, मागं वळला. आत्ती उंबऱ्यावर बसून बघत होती. डावा दिवा कुठाय, असं तिनं विचारल्यावर, खऱ्याचाही मोडला होता, इंग्लंडच्या सायबाच्या कागदांत तसं लिहिलंय, असं मी सांगितलं. तिनं विचारलं, "खरा केवढा असतोय?"

मी पावलांनी माप घेतलं. चुलीतली राख मागून घेतली आणि जमिनीवर चौकट आखली. वीस फूट लांब, साडेनऊ फूट रुंद. अंगण जवळजवळ संपलं. तोफेची नळी गोठ्याकडं गेली. उंची दाखवायला मी हात वर केला, तो पुरला नाही, म्हणून काठी धरली.

आत्ती उठली. राखेच्या रेघेला पाय न लावता सगळीकडून फिरली आणि समोरच्या बाजूला येऊन उभी राहिली. आधीच ठेंगणी, त्यात वयानं वाकलेली. वर काठीच्या टोकाकडं बघत म्हणाली, "एवढ्याच्या म्होरं माझा बा काय करणार हुता रं?"

माझा निश्चय तिथं मोडला. "आत्ती, ह्यानं न्हाई मारलं त्यांना."

"मग कशानं?"

"कावीळ झालती. दवाखान्यात गेले. अकरा दिवस होते."

ती खाली बसली, राखेच्या चौकटीतच. तिच्या मुलानं पाणी आणून दिलं, ते तिनं हातात धरून ठेवलं.

"कावीळ," ती म्हणाली. "काविळीला आपल्याकडं पाला देत्यात की. वरच्या वाडीतला म्हातारा द्यायचा. तीन दिवसांत उतार पडायचा. हितं असता तर वाचला असता."

मी मान डोलावली. दुसरं काय करणार?

"कोण हुतं जवळ?"

"दवाखान्यातली माणसं असतील. आपल्याकडची पण असतील."

"अकरा दिवस म्हंजे थोडं न्हवं." मग तिनं माझ्याकडं बघितलं आणि जे विचारलं, ते तिनं आयुष्यभर कुणाला विचारलं नव्हतं, असं तिचा मुलगा नंतर मला म्हणाला. "माझं कळलंतं का त्याला? मी झालेलं?"

तिच्या आईनं मास्तरांकडून पत्र लिहून घेतलं होतं, एवढं तिला माहीत होतं. पत्र गेलं होतं. त्याचं उत्तर आलं नाही. पाठोपाठ तो कागदच आला.

आम्ही दोघं राखेत बसून महिने मोजायला लागलो. थोरले आजोबा गेल्याची तारीख माझ्याकडं होती, अगदी पक्की. पण तिच्या जन्माची? आधार कार्डावर शाळेत मास्तरांनी टाकलेली एक जून होती, त्या पिढीतल्या निम्म्या लोकांची असते तशी. तिची आई सांगायची, भाताची कापणी चालू होती आणि पावसाची एक सर चुकून आली होती. कापणी म्हणजे कुठला महिना? उशिरा येणारं गरवं भात की लवकर येणारं हळवं? मास्तरांना सवड कधी मिळाली असेल? पत्र बोटीनं जायला दीड महिना लागला की तीन? तिनं बोटं मोजली, मी मोजली. एका हिशोबानं पत्र त्यांना आजारी पडायच्या आधी आठ दिवस मिळालं असतं. दुसऱ्या हिशोबानं ते दहनानंतर पोचलं असतं.

"तुझ्या त्या सायबाला इचार की," ती म्हणाली.

"आत्ती, असलं कुणी लिहून ठेवत न्हाई."

"रणगाड्याचा दिवा मोडलेला लिवून ठिवत्यात," ती म्हणाली. टोमणा नव्हता त्यात. तिला खरंच नवल वाटलं होतं.

निघताना तिनं मला बाजूला घेऊन सांगितलं, "गावात सांगू नगंस काविळीचं. माझं मला कळलं, बास झालं." स्मारकाचा फोटो मी तिला दाखवला होता; त्या भिंतीवरचं आडनाव तेवढं नीट करून घे म्हणाली.

त्या स्मारकाची देखभाल करणाऱ्या परदेशातल्या कार्यालयाला मी पत्र लिहिलं, कागदाचे फोटो जोडले. दरम्यान आत्ती थकत गेली. झेंडावंदनाला तिला खुर्चीसकट उचलून नेलं, असं कळलं. त्यानंतरच्या पावसाळ्यात, रोप लावणीच्या आधी ती गेली. मी पोचलो तेव्हा अंगणात माणसं बसली होती. कोणीतरी माझ्याशेजारी बसून तिच्या बाची रणगाड्याची गोष्ट दुसऱ्या कुणाला सांगत होतं. मी ऐकून घेतली.

कार्यालयाचं उत्तर ती गेल्यावर महिन्याभरानं आलं. नाव दुरुस्त करू म्हणाले, एक अर्ज भरून पाठवा. अर्जात एक रकाना होता: मृत सैनिकाचं कोणी अपत्य हयात आहे का. मी तो रकाना बरेच दिवस कोरा ठेवला. मग 'नाही' लिहून अर्ज पाठवून दिला.

रणगाड्याचं शेवटचं एक काम राहिलं होतं. वरच्या झाकणातून बाहेर डोकावणारा सैनिक करायचा होता, अर्ध्या अंगाचा. मी मेणाचा चेहरा दोनदा केला. पहिला फार तरुण झाला, दुसरा फार आनंदी. तिसरा केला नाही. झाकण लावलं आणि कडेनं सोल्डर करून टाकलं.